पाठीमागची पावलं

साळू पाटीवर बसली आणि तिनं माझ्याकडं पाठ केली.

खो-खोत असंच बसायचं असतं. मैदानाच्या मधोमध आखलेल्या पट्ट्यावर आठ जणी आपापल्या पाटीवर उकिडव्या बसतात. एकीचं तोंड उगवतीला, तर शेजारणीचं मावळतीला. नववी पळते, समोरच्या संघाच्या मुलींना शिवायला. निसटणारी मधला पट्टा ओलांडून कुठंही जाऊ शकते, शिवणारीला मात्र तो ओलांडता येत नाही. म्हणून निसटणारी पलीकडं गेली, की पलीकडं तोंड करून बसलेल्या एखादीच्या पाठीमागून यायचं, तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं. ती उठते, आपण तिच्या पाटीवर बसतो. बसलेलीला मागचं काही दिसत नाही. तिला फक्त पावलं ऐकू येतात.

पौषातली सकाळ होती. जिल्ह्याचा अंतिम सामना. साळूची पाटी खांबाच्या अगदी जवळची, ओळीतली शेवटची. मी दुसऱ्या टोकाला उभी होते; तिथून ती मूठभर दिसत होती. तिच्या डाव्या खांद्याच्या पुढच्या अंगाला, सदऱ्याच्या कापडाखाली, सुपारीएवढी गाठ होती. ती पाठमोरी होती, गाठ दिसायचं कारण नव्हतं. मला दिसत होती. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आमच्या संघाचे तांबोळी सर रेषेबाहेर माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"हौसा, श्वास घे."

"घेतीया की सर."

"न्हाई घेत. पोटात घे."

पोटात जागाच नव्हती. तिथं भीती पाय पसरून बसली होती.

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली.

*

साळू कोरे आणि मी एकाच आळीतल्या. इयत्ता नववीपर्यंत दोघी एका मापाच्या. तिचं पोलकं मला यायचं, माझा शाळेचा सदरा तिला. पळायला उतरलो की आम्हाला शिवणं म्हणजे ओढ्यातली मासोळी चिमटीत धरणं. सर आमची नावं घ्यायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "जोडी, चला."

मग एका पावसाळ्यात मी वाढले. मांडवावर दुधीचा वेल वाढावा तशी. काल संध्याकाळी शेंडा होता तिथं आज सकाळी नाही. आईनं झग्याची शिवण उसवून उसवून आतलं सगळं कापड संपवलं. खांदे रुंद झाले, ढांगा लांब पडू लागल्या, आणि माझं अंग माझ्याशी बोलेनासं झालं. मी वळायला जायची. पाय वळायचे, अंग पुढंच जायचं. साळू जिथं पाकोळीसारखी हाताखालून वळायची, तिथून मी सरळ मैदानाच्या बाहेर.

आमच्यात पुष्पी माने म्हणून एक फटकळ पोरगी होती. मी पळायला लागले की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "सरका गं सरका, येष्टी आली! बिगर ब्रेकची!"

पोरी हसायच्या. साळू हसायची. मीही हसून घ्यायची.

तांबोळी सर हसायचे नाहीत. ते मूळचे तालमीतले. कानांच्या पाकळ्या चुरगळलेल्या, मान जाड, चालणं मात्र मांजराचं. त्यांनी मला निसटणाऱ्यांतून काढलं. मी रडले तर म्हणाले, "रडतीस काय? बारक्या अंगाची पोरगी निसटती, थोराड अंगाची गाठती. हात बघ तुझा, केवढा लांब आलाय. तू आता धरायचं काम कर."

आणि त्यांना जसं येत होतं तसं त्यांनी मला तयार केलं, तालमीतल्या गड्यासारखं. बैठका, दोर, टेकाडाच्या वाटेनं पळणं, आईला सांगून दुधाचा तांब्या. मांड्या घट्ट झाल्या, पोटऱ्या दगडासारख्या. उभ्या जागेवरून सुटले की बघता बघता खांब जवळ यायचा, कानात वारा शीळ घालायचा. अंगाचा राग येणं बंद झालं. खरं सांगते, मला ते अंग आवडायला लागलं.

पुढच्या वर्षीची, गणपती उठल्यावरची गोष्ट. सरावासाठी मैदानावर पाणी मारलेलं, मातीला वास सुटलेला. मी त्या टोकाकडून सुटले. पुष्पी खांबापाशी पट्टा ओलांडून साळूच्या पुढ्यात उतरत होती. त्याच क्षणी साळूला खो मिळाला असता, तर पुष्पी तिच्या हातातच होती. अंगात होता नव्हता तेवढा जोर मी पायात घातला. पाटी आली. मी थांबले. म्हणजे, थांबायचं मनात आणलं. पायांनी ऐकलं, खालच्या ओल्या मातीनं ऐकलं नाही, आणि वरचं अंग तर कुणाचंच ऐकत नव्हतं.

माझा गुडघा तिच्या पाठीत बसला. ती पुढं फेकली गेली, डाव्या खांद्यावर पडली. आणि मी तिच्यावर.

वाळकी काटकी पायाखाली मोडते ना, तसा आवाज झाला. तो माझ्या कानानं नाही, छातीनं ऐकला.

साळू ओरडली नाही. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. मी उठले, तिला धरायला वाकले, तर ती टाचा घासत मागं सरकली. माझ्यापासून लांब. तिचे डोळे मी जन्मापासून बघत आले होते. त्या दिवशीचे ओळखीचे नव्हते.

*

गळ्याजवळचं हाड होतं. दवाखान्यात तिचे दोन्ही खांदे मागं ओढून पट्टा बांधला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

डॉक्टर साळूच्या आईला म्हणाले, "जुळून येईल. कोवळं वय आहे. पण मावशी, पुन्हा तिथंच मोडलं तर आत तार घालावी लागेल. आणि मग हात डोक्याच्या वर जाईल का, ते मी आज सांगू शकत नाही."

साळूची आई माझ्या अंगावरून बाहेर गेली. मला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी नेऊन उशाला घेतल्या असत्या, पण तिनं त्याही दिल्या नाहीत.

मी मैदानावर जायचं सोडलं. घरातसुद्धा भिंतीच्या कडंकडंनं चालायला लागले. ताटं हळू ठेवायची, दार हळू ओढायचं. थोरल्या भावाचं तान्हं पोर होतं; वहिनी ते माझ्या मांडीवर द्यायला आली, तर मी पटकन उठून परड्यात गेले.

"काय गं, विंचू चावला काय तुला?" वहिनी मागनं म्हणाली.

विंचू नव्हता. माझे हात होते. गुडघे होते, मांड्या होत्या. घरात एक मोठं जनावर शिरलंय आणि ते मीच आहे, असं काहीतरी.

पाणी मात्र आणावंच लागायचं. आमच्या आळीचं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून यायचं. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी. एका सकाळी मी भरून येत होते, आणि लिंबाखालच्या वळणावर गवळ्याचं वासरू उधळत आलं, एकदम पायात. मी थांबले. वासरू गेलं. मी चालू लागले.

"हौसा."

तांबोळी सर सायकल धरून वाटेच्या कडेला उभे होते.

"सर."

"पाणी सांडलं?"

मला कळेना, असं काय विचारतायत. "न्हाई."

"थेंब तरी?"

"न्हाई सर."

ते माझ्या डोक्यावरच्या घागरीकडं बघत होते, मग माझ्या पायांकडं. सायकल लिंबाला टेकवून ते त्या वळणावर गेले आणि मातीत उमटलेली माझी पावलं वाकून बघू लागले. तालमीत पैलवानाचा पवित्रा बघावा तसं.

"डोक्यावर एवढं वजन, समोर वासरू, आणि तू जागच्या जागी थांबलीस. कशी थांबलीस?"

"मला काय म्हाईत. थांबले."

"गुडघं आधी वाकलं. ढांगा बारीक झाल्या. कंबर खाली बसली, आणि शेवटचं पाऊल आडवं पडलं. हे बघ, हितं." त्यांनी बोट मातीवर ठेवलं. मग उठून हात झाडले. "पोरी, तुला इंजिन मी बसवलं. ब्रेक बसवायचा राहिला, तो माझ्याकडनं. पैलवानाला मी ढकलायला शिकवतो, थांबायला कुठं शिकवतो? मला वाटलं, जोर आला की सगळं आलं."

"मी न्हाई येणार सर."

"मी कुठं म्हणालो ये म्हणून?"

"ती मेली असती."

"मेली न्हाई. सकाळी माझ्या घरी येऊन बसलीया पट्टा बांधून, विचारतीया, हौसी कधी येणार."

घागरीतलं पाणी तेव्हा मात्र हललं.

*

मी गेले.

सरांनी मैदानावर मला पळायला लावलं नाही. डोक्यावर भरली घागर दिली. या टोकापासून खांबापर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं. मग झपझप. मग जवळजवळ पळत. पाणी सांडलं की पुन्हा भरून पहिल्यापासून. पहिले काही दिवस मी रोज न्हाऊन घरी गेले.

पुष्पी म्हणाली, "वरात हाय काय गं कुणाची? सडा घालत चाललीस ती!"

"तुझ्या लग्नाची तयारी करतीया."

"मग जरा जास्त घाल. नवरा धुळीचा हाय."

आई पाणी आणताना एक ओवी म्हणायची. ती माझ्या तोंडात कधी आली मला कळलं नाही. वेग वाढला की पहिली ओळ, थांबायच्या आधी दुसरी. सरांनी ऐकलं आणि सगळ्या पोरींना म्हणायला लावली:

*डोईवरी माझ्या घागर, घागरीत माझी नदी,*
*थांब थांब माझ्या पाया, सांडू नको वाटंमधी.*

‘थांब थांब’ला पावलं बारीक. ‘माझ्या पाया’ला कंबर खाली. मोठ्या अंगाला थांबायचा निरोप आधी धाडावा लागतो, सर म्हणायचे; बारक्याला वेळेवर सांगितलं तरी चालतं. घागर काढली तरी ती डोक्यावर आहे असं समजून पळायचं.

साळूचा पट्टा सुटला, हाड जुळलं तिथं सुपारीएवढी गाठ राहिली. डॉक्टरांनी ‘जपून’ म्हणत खेळायला होकार दिला. ती मैदानावर आली तेव्हा माझ्या काखेपर्यंतच आली होती. मी त्या महिन्यांतही वाढतच होते. डावा हात ती अजून अंगाशी धरून चालायची.

सर म्हणाले, "साळू, तू मधल्या पाटीवर बस. तिथं आडदांड कुणी येत न्हाई."

"न्हाई सर. खांबाजवळची माझी हाय."

"अगं, पण..."

"माझ्याएवढं झटक्यात उठून खांबाभवती फिरतं कोण? तुमीच म्हणायचा, हलकं अंग खांबाशी, लांब हात टोकाला. हौसी तिकडनं आणणार, मी हितं धरणार. मला दुसरीकडं बसवलं तर दोघींचा बी काय उपेग?"

ती म्हणत होती ते खरं होतं, हे सरांना कळत होतं. मलाही.

तेव्हापासून सामन्यापर्यंत मी तिला एकदाही नीट खो दिला नाही. बाकीच्या पोरींकडं मी वाऱ्यासारखी जायची आणि घागर न सांडता थांबायची. साळूची पाठ दिसली की दहा हात आधीच माझा जोर विझायचा. मी चालत जायची, हात लांब करून बोटाच्या टोकानं शिवायची, आजारी माणसाचं कपाळ बघावं तशी. तोवर पळणारी हसत हसत निघून गेलेली असायची.

साळू त्याबद्दल एकदाही बोलली नाही. पाठ ताठ करून बसायची, मागं वळायची नाही. मला वाटायचं, हिच्या अंगात भीतीचं हाडच नाही.

*

सामन्याच्या सकाळी टेम्पो सुटायच्या वेळी साळूची आई आली. तिनं साळूला भाकरीचं फडकं दिलं. मग माझ्यापाशी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हौसे."

"काय काकू?"

ती माझ्याकडं वर बघत होती; मी तिच्यापेक्षाही उंच झाले होते. काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आली असावी. पण ओठ हलले आणि एवढंच आलं, "माझी एकच हाय गं."

टेम्पोत सगळ्या पोरी गाणी म्हणत होत्या. मी फळीला धरून बसले होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला काटकी मोडल्यासारखा ऐकू येत होता.

समोरचा संघ शहरातला. त्यांची एक पोरगी होती, नाव नंतर कळलं, केतकी. काटक, लांब वेणी कमरेला खोचलेली, पाय बगळ्याचे. पहिल्या डावातच तिनं आम्हाला जोखलं. मी साळूकडं येताना विझते, हे तिला दोन फेऱ्यांत कळलं. मग ती तिथंच येऊन खेळायला लागली. मी मागं लागले की झुलत झुलत खांबाकडं जायची, पट्टा ओलांडून साळूच्या अगदी पुढ्यात उतरायची आणि उभी राहायची. कमरेवर हात. साळू पाटीवर उकिडवी, ही तिच्यासमोर हात दीड हातावर, आणि दोघी माझ्या खोची वाट बघतायत. मी पोचेपर्यंत ही निघून गेलेली. साळूला खो मिळायचा तो रिकाम्या वाऱ्यात धावायला.

मधल्या सुट्टीत आमचे गुण मागं होते. पोरी मीठ लावलेलं लिंबू चोखत बसल्या. पुष्पीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाशी आलेलं गिळलं. पुष्पीनं गिळलं म्हणजे परिस्थिती काय असेल बघा.

साळू माझ्याजवळ येऊन बसली. "ती माझ्या तोंडासमोर उभी राहून हसती, हौसे."

"दिसतंय मला."

"मग?"

"मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

मी तिच्या सदऱ्याच्या गळ्याकडं बघितलं. गाठ तिथं होती. "त्याचं. पुन्हा तिथंच मोडलं तर?"

"न्हाई मोडत."

"तुला ठाऊक न्हाई माझं अंग."

"मला ठाऊक न्हाई तर कुणाला ठाऊक हाय? माझ्यावरच पडलीवतीस की." ती हसली. मग दोन्ही हात गुडघ्यांच्या बेचक्यात घालून दाबून बसली. "मला न्हाई वाटत भ्या. अजिबात न्हाई. तू ये."

उठताना सरांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला, घागर ठेवावी तसा, आणि काढून घेतला.

*

शेवटचा डाव सरत आला होता. आम्हाला बरोबरीला एक गडी हवा होता आणि समोर उरली होती केतकी. रेषेबाहेर सरांनी मूठ उघडली आणि मिटली. म्हणजे वेळ संपत आली.

त्या टोकाला मला खो मिळाला.

केतकी माझ्या बाजूला होती. मी सुटले तशी तीही सुटली. घाईनं नाही, तिला ठाऊक होतं कुठं जायचं ते. वेणी हलत होती. बसलेल्या पोरी माझ्या उजवीकडून मागं जात होत्या, तोंड, पाठ, तोंड, पाठ. खांब वाढत होता. आणि खांबाच्या अलीकडं ती पाठ.

माझं अंग विझायला लागलं. पोटरीतनं, मांडीतनं जोर ओसरताना मला कळत होतं. केतकीनं पट्टा ओलांडला, साळूच्या पुढ्यात उतरली, आणि कमरेवर हात ठेवले.

साळूची पाठ तशीच होती. ताठ, एवढीशी, सदऱ्यावर मातीचा एक डाग. ती वळली नाही. ज्या पायांनी तिला एकदा मोडलं होतं ते पाय मागून येत होते, तिला ते ऐकू येत होते, आणि तिनं तसूभरही खांदा चोरला नाही.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती होती तिथंच होती. पण त्या क्षणी ती पोटातून उठून डोक्यावर जाऊन बसली, काठोकाठ भरलेल्या घागरीसारखी, आणि मला एवढंच कळलं की हिला घेऊन पळायचंय आणि सांडायचं नाही.

मी जोर घातला. वाऱ्यानं कानात शीळ घातली. केतकीचे हात कमरेवरून सुटलेले मला दिसले. ‘डोईवरी माझ्या घागर’ पायाखालून गेलं. थांब थांब, पावलं बारीक, माझ्या पाया, कंबर खाली, मांड्यांनी सगळं अंग तोलून धरलं, शेवटचं पाऊल आडवं पडलं आणि माती त्याच्याखाली कुरकुरून थांबली. मीही थांबले. माझा हात पुढं गेला आणि तळवा साळूच्या पाठीवर टेकला. बोटाचं टोक नाही. अख्खा तळवा, आणि तोही पिठावर ठेवावा तितका हलका.

तिची पाठ थरथरत होती.

नुसती कापत नव्हती. मुठीत धरलेल्या पाखराची छाती असते तशी, आतून, न थांबता. लांबून ताठ दिसणारी ती पाठ सगळ्या सामनाभर अशीच थरथरत होती, आणि ते कळायला तळवा टेकावा लागला होता. ओठातल्या ओठात ती काहीतरी पुटपुटत होती. ‘...सांडू नको वाटंमधी.’

"खो!" मी ओरडले. माझा आवाज फाटला.

साळू सुटली. दगड सुटावा तशी, जागेवरून. केतकी खांबाला वळसा घालून निसटत होती, तिच्या मागं साळू, एक पाऊल, दुसरं, खांबाला हात घालून गर्रकन फिरली, आणि तिनं उजवा नाही, डावा हात लांब केला. तो हात वर गेला, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि खोचण्यातून सुटून हवेत उडालेल्या त्या वेणीला शिवला.

शिट्टी झाली. मी तिच्या रिकाम्या पाटीवर बसले होते.

*

पुढं सामना जादा डावात गेला आणि आम्ही एका गुणानं हरलो, हेही सांगून टाकते. पुष्पी मोठ्यानं रडली. सरांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि स्वतः न पिता ग्लास हातात धरून उभे राहिले.

आज इतकी वर्षं झाली. जिना चढताना माझे गुडघे आता तक्रार करतात, वजन आहेच. पण त्या दिवसातलं मला जे आठवतं ते यानंतरचं.

आम्ही दोघी मैदानाकडेच्या बाभळीखाली बसलो होतो. तिनं सदऱ्याचा गळा ओढून मला गाठ दाखवली. "बघ, हाय का जाग्यावर?"

मी बोट लावलं. पहिल्यांदाच. कडक होती, उन्हानं कोमट.

"हाय."

ती हसली. मग हसता हसता तिचे दात वाजायला लागले, एवढ्या उन्हात. मी पिशवीतली ओढणी तिच्या अंगावर टाकली.

"साळू, तू तर म्हणालीस भ्या वाटत न्हाई."

"म्हणाले."

"खोटं?"

"मग काय खरं सांगू? तू आधीच पांढरीफटक पडलीवतीस." तिनं ओढणी आवळून घेतली. "रोज वाटायचं. तुझी पावलं आली की वाटायचंच. पयल्या दिवसापासनं. तू लांबनं बोट लावायचीस ना, मी देवाचं नाव घ्यायची, सुटले म्हणून."

"मग बसलीस कशी गं तिथं?"

साळूनं मैदानाकडं बघितलं. पोरी गेल्या होत्या. आखलेल्या पट्ट्यावर आमच्या पाट्या रिकाम्या पडल्या होत्या.

"पाठ होती म्हणून," ती म्हणाली. "तोंड तुझ्याकडं असतं, तर कवाच पळाले असते."